ड्यूकचं देवक

"तो घोड्यांचा मोतद्दार होता, असं त्याच्या दुश्मनांनी लिहून ठेवलंय," मैत्रेय सांगत होता. "धन्याला मारून गादीवर बसला म्हणे. मग पुढच्यांनी त्याची वंशावळ थेट रोमला नेऊन भिडवली. खरा बाप कोण, यावर अजून हीप्स ऑफ वाद."

सातशे वर्षांपूर्वीचा लिथुआनियाचा ड्यूक, गेडिमिनस. मैत्रेयचा प्रबंध त्याच्यावर. पण परदेशातल्या मनुरेवा उपनगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये ड्यूकचं कुणाला काय पडलं होतं! श्रियाचे आईबाबा, विभावरीताई आणि प्रमोदराव, मुलगा बघायला आले होते. 'ते हो म्हणाले तरच,' असं श्रियानं आधीच सांगून टाकलं होतं.

"आपण बौद्ध आहोत, बाबा. सांगून टाकू ना," मैत्रेय सकाळी म्हणाला होता. संभाजीनं पोराला हात जोडले. "तू ड्यूक सांभाळ. बाकी मी बघतो." पेनरोजच्या कारखान्यात ताठ मानेनं वावरणारा इंजिनीअर, पण चार मराठी माणसं भेटली की बिचारा जातीचा विषय निघण्याआधीच उठायचा.

विभावरीताईंचं लक्ष कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडे गेलं. "छान आहे हो. इथल्या गोऱ्यांच्या घरीपण असते."

"हो, शोपीस," संभाजी म्हणाला.

त्याची बायको सुजाता रोज त्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. ती उठून चहा टाकायला गेली.

"जाधव म्हणजे आमच्यातलेच की!" प्रमोदराव खुशीत आले. "शेवटी रक्त बोलतंच."

"देवक कोणतं तुमचं?" विभावरीताईंनी विचारलं. "आमचं कळंब."

झालं! गाव, कुळी, कुलदैवत, सगळं संभाजीनं घोकून ठेवलं होतं. नेमकं हेच राहिलं. पण उत्तर तर बाईंनीच दिलं होतं.

"आमचंही कळंबच!"

विभावरीताईंनी हातातली जिलबी बशीत परत ठेवली. "अगं बाई! एकच देवक? मग पोरं भाऊबहीण झाली की हो. कसं व्हायचं लग्न?" त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "सोन्यासारखं स्थळ होतं."

संभाजीनं तोंड उघडलं. खोटं मागे घ्यायचं, तर खरं पुढे करावं लागणार. त्यानं मैत्रेयकडे बघितलं आणि सकाळसारखेच हात जोडले.

पाहुणे चहा न घेताच गेले.

"मी तुझ्यासाठीच रे…" संभाजी उरलेली जिलबी डब्यात भरू लागला.

"ड्यूकचा बाप बदलला तो इतरांनी, बाबा. तो मेल्यावर."

तेवढ्यात फोन वाजला. नंबर श्रियाचा होता. मैत्रेयनं फोन कानाला लावला आणि बापाकडे बघत म्हणाला,

"बोल, ताई."