थॉर्नबेकची गाठ

“ही गाठ थॉर्नबेककडची,” शिडीखालून ओस्बर्ट म्हणाला.

गिबच्या हातातली दोरी निसटली. ओस्बर्ट त्याचा मालक, त्याच्या कोठाराचं छप्पर गळत होतं, म्हणून तो शाकारायला वर चढला होता. चढला नसता तर बरं झालं असतं. अकरा महिने तोंड बंद ठेवलं आणि शेवटी हातांनीच चुगली केली.

“कुठलं थॉर्नबेक? बाजारात कुणीतरी शिकवली.”

“असेल,” ओस्बर्ट म्हणाला आणि गाठीकडे बघत राहिला.

थॉर्नबेकला तो गिब थॅचर होता. छपरं शाकारायचा, म्हणून थॅचर. जहागीरदाराच्या जमिनीवर जन्मला, म्हणून तिथल्या बैलांसारखाच जहागीरदाराचा. गावचा म्हातारा रीव्ह, म्हणजे जहागीरदाराचा कारभारी, अंथरुणाला खिळला आणि देखरेख सैल पडली, तेव्हा गिब पळाला. शहरात ओस्बर्ट वॉकरने त्याला हौदात उतरवलं. नवं विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून माती आणि शिळ्या मुतात दिवसभर तुडवायचं. देशाच्या दक्षिणेत हे काम करणाऱ्याला फुलर म्हणतात, इकडे वॉकर. आठवड्याभरात सगळी गल्ली त्याला गिब वॉकर म्हणायला लागली. भट्टी पेटवली असती तर बेकर म्हणाली असती. नावाच्या मागे जाऊन बघण्याइतका वेळ कुणाला होता?

पळून आलेला माणूस शहराच्या हद्दीत सलग एक वर्ष आणि एक दिवस राहिला की मोकळा, असा कायदा होता. पण तेवढ्यात जहागीरदाराने दावा लावला आणि शहरातल्या कुणी शपथेवर सांगितलं की हाच तो थॅचर, तर संपलं. बाहेरच्याची साक्ष चालत नसे. हद्द म्हणजे वेशीबाहेरचा दगडी क्रूस. गिब इतक्या महिन्यांत त्या बाजूला फिरकलाही नव्हता.

आणि आता ही गाठ.

“थॉर्नबेकला गिरणीवर एक एडिथ असायची,” दुसऱ्या दिवशी हौदात पाय चालवता चालवता ओस्बर्टने विचारलं. “आहे का रे अजून?”

“मला काय ठाऊक?”

“अरे, सहज विचारलं.”

सहज! तुडवण्यापलीकडे चार शब्द न बोलणारा हा माणूस आताच कसा बोलका झाला? दोनदा तो नगरसभेच्या कारकुनाशी कुजबुजताना दिसला. गिब जवळ गेल्यावर दोघं गप्प झाले. त्या दिवसापासून गिबला ओस्बर्टच्या घरची भाकरी गोड लागेना.

मन मोकळं करायला एकच माणूस होता, हॅमो कार्टर. दोन महिन्यांपासून दर गुरुवारी तो हौदासाठी मातीची पोती आणायचा. त्याच्या गाडीचं चाक इतकं करकरायचं की तो येतोय हे तीन गल्ल्यांना कळायचं. घोडाही त्याचं ऐकत नसे.

“चरबी लाव की त्या चाकाला!” गिब म्हणायचा.

“मी आळशी, घोडा माझ्याहून आळशी. आणि तू रे वॉकर, आज अत्तर कुठलं लावलंस?”

गिबला हसवणारा सबंध शहरात तेवढा एकच. एका गुरुवारी गिबने त्याला सगळं सांगून टाकलं.

“कारकुनाशी बोलतोय?” हॅमोने डोकं खाजवलं. “मी काही म्हणत नाही हं. पण कामाशिवाय कोण एवढ्या चौकशा करतं?”

उरलेले दिवस गिबने ओस्बर्टवर नजर ठेवून काढले. शेवटच्या बुधवारी ओस्बर्ट हौदातून बाहेर आला आणि पाय पुसत म्हणाला, “उद्या दुपारच्या घंटेला माझ्याबरोबर नगरसभेत यायचं. अंगाला वास येता कामा नये. धुतलेला सदरा घाल.”

“कशाला?”

“चल तर खरं. आल्यावर कळेल.”

गुरुवारची दुपारची घंटा! ती झाली की गिबचं वर्ष आणि वरचा दिवस पुरा होणार होता. म्हणजे घंटेच्या ऐन तोंडावर हा त्याला पकडून देणार.

गुरुवारी सकाळी उशिरा ‘तू मागून ये’ असं सांगून ओस्बर्ट पुढे निघून गेला, आणि हॅमो अंगणात कधी येऊन उभा राहिला ते गिबला कळलंही नाही.

“चल, पोत्यांखाली शीर,” सगळं ऐकून हॅमो म्हणाला. “दक्षिण वेशीजवळ माझी बहीण राहते, आतल्या अंगाला. घंटा होईपर्यंत तिच्या माळ्यावर बस. मग ओस्बर्टच्या नाकावर टिच्चून बाहेर ये.”

“तुझे उपकार कसे फेडू?”

“आधी पाय आत घे.”

पोत्यांखाली काळोख होता. गाडी फरशीवरून खडखडत निघाली. गिब मनात प्रार्थना म्हणत पडून राहिला. खडखड थांबली, मऊ माती लागली, तरी गाडी चालतच होती. तेव्हा कुठे गिबच्या ध्यानात आलं की आज चाक करकरत नव्हतं. कुणीतरी त्याला भरपूर चरबी लावली होती.

घंटा झाली. मागून, लांबून.

गिबने पोती ढकलली. दगडी क्रूस बराच मागे राहिला होता. रस्त्याच्या कडेला चार माणसं दोर घेऊन उभी होती.

“तुझा ओस्बर्ट तिकडे नगरसभेत वाट बघत असेल,” हॅमो शांतपणे म्हणाला. “तू वर्षभर हद्दीतच होतास अशी शपथ घ्यायला. वीस वर्षांपूर्वी तोही थॉर्नबेकहून असाच निसटला होता. गिरणीवरची एडिथ त्याची आई.”

गिब पोत्यांतून धडपडत उठला. “हॅमो... अरे, तू तर गाडीवान...”

“इकडे कार्टर,” हॅमो खाली उतरला आणि त्याने लगाम दुसऱ्याच्या हातात दिला. “म्हाताऱ्याच्या जागी मला बाहेरून आणलं. थॉर्नबेकला मला रीव्ह म्हणतात.”