यामिलेची खोली

आईला न कळवता माद्रिदहून पितालितोच्या घरी आलेली यामिले थेट आपल्या खोलीत शिरली. पलंग नव्हता. भिंतभर फळ्यांवर साचे होते. त्यांतली कॉफीची टरफलं पांढऱ्या बुरशीनं एकजीव झाली होती. “आई, माझी खोली गं?” “बुरशीला इथलीच ऊब मानवते,” मागून आलेली तिची आई एर्मेलिंदा ओशाळली. “हे वाळवलं की टणक खोकी होतात. बाटल्यावाले बाटल्या फुटू नयेत म्हणून नेतात. फेकली तरी मातीच होते.” “आणि पलंग?” “शेजारच्या बाळंतिणीला दिला. सहा वर्षांत तू फिरकलीस का?” यामिलेनं बॅग आईच्या खोलीत नेली. रात्री मक्याचे आरेपे खाऊन ती आईच्याच पलंगावर झोपली. पहाटे आईच्या बोलण्यानं जाग आली. कुणी आलं असेल, म्हणून ती अनवाणीच आपल्या जुन्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत आई एकटीच होती. साच्यांवर पाणी शिंपडत ती त्यांना सांगत होती, “आज जरा हळूच वाढा हं. पोरगी दमून झोपलीय.”