दे नाडा

स्पेनच्या सहलीत कॉफीवाल्याला, फ्लामेंको नाचणारीला "ग्रासियास", म्हणजे धन्यवाद, म्हटलं की उत्तर यायचं, "दे नादा." दमयंती पोट धरून हसायची. "अहो, इथं सगळेच नाडा मागतात की!" श्रीधर सर समजवायचे, "नाडा नव्हे गं, नादा. म्हणजे, आभार कशाला?" ती मुद्दाम नाडाच म्हणायची. आता पुंडलिकनगरच्या घरात तिला माणसं ओळखू येईनात. सर रोज तिच्याकडून पाटीवर 'श्रीधर' गिरवून घेत. आज ते तिच्या परकरात नाडा ओवत होते. तिनं पिन दिली. सवयीनं ते म्हणाले, "ग्रासियास." "दे नाडा," ती म्हणाली. सर चमकले. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना कधी 'दे' म्हटलं नव्हतं, कायम 'द्या'च. तिला स्पेन आठवला, की ती नवऱ्यालाच विसरली? "ग्रासियास," सर पुन्हा म्हणाले. तिनं हात पुढं केला. त्यात नाडा ठेवावा की आपला हात, सरांना कळेना.