मुलींची आठशे मीटर

घड्याळाचं बटण वंदना मॅडमनी अगदी वेळेवर दाबलं. त्यात लबाडी नव्हती. लबाडी झाली ती तोंडानं.

घड्याळात दोन मिनिटं सदतीस सेकंद दिसत होते. "दोन एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या आणि आकडे पुसून टाकले.

दहावीतली प्रेरणा चुन्याच्या रेघेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तिनं मान वर केली. "म्हंजे दोन सेकंदानं हुकलं, मॅडम?"

"हो ना बाई. थोडक्यात गेलं."

विक्रम दोन एकोणचाळीसचा. जिल्हा परिषद हायस्कूलच्या ऑफिसबाहेर शाळेचे सगळे विक्रम भिंतीवर रंगवलेले आहेत. त्यात मुलींच्या आठशे मीटरपुढे बत्तीस वर्षं एकच नाव आहे, कु. वंदना ढगे, १९९३. त्या साली मुली दोन तुकड्यांत धावल्या आणि दोन्ही मिळून हिची वेळ सर्वांत कमी भरली. त्या जोरावर जिल्हा, मग विभाग, मग खेळाच्या शिक्षिकेची नोकरी, तीही फिरून याच शाळेत. नवा मास्तर बदलून आला की हेडमास्तर त्याला आधी भिंतीपाशी नेत आणि मग मॅडमकडे बोट दाखवत. रंगारी आला की मॅडम स्वतः उभ्या राहून आपलं नाव ठळक करून घेत. बाकी आयुष्यात चारचौघांत सांगावं असं काही घडलंच नव्हतं, त्याला कोण काय करणार?

यंदा हेडमास्तरांनी ठरवलं होतं की जी विक्रम मोडेल तिचाच फॉर्म अकोल्याच्या क्रीडा वसतिगृहाला पाठवायचा. फॉर्मची शेवटची तारीख आजचीच. प्रेरणाच्या बापानं तर स्पष्टच सांगितलं होतं, वसतिगृह मिळालं तर शीक, नाही तर दहावीनंतर पुरे. मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. दोन महिने रोज पहाटे तिला पळवलं होतं त्यांनीच.

प्रेरणाची आई धम्मशीला शाळेत खिचडी शिजवते. पदराला हात पुसत ती मैदानावर आली. मॅडमच्याच वर्गातली ती. तेव्हा तीही पळायची, त्या शर्यतीत दुसऱ्या तुकडीत होती. आता मात्र मॅडमच म्हणते.

"दोनच सेकंद कमी पडले, धम्मशीला," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"होते असं. घड्याळाचं काय सांगावं, मॅडम." मग ती लेकीकडे वळली. "चाल व, पाणी पे. बसू नोको अशी."

राग नाही, रड नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मॅडमना वाटलं.

स्टाफरूममध्ये चहा पुढे आला, तो त्यांनी तसाच बाजूला सारला. शेजारी हेडमास्तर क्लार्कला सांगत होते, "तो अकोल्याचा फॉर्म ठेवून द्या कपाटात. यंदा काही योग नाही." मॅडमचे कान शरमेनं तापले. आपण कोणाच्या ताटातलं काय ओढून घेतलं हे त्यांना धडधडीत दिसत होतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आणि पंधरा वर्षांच्या पोरीशी शर्यत लावून बसली.

त्या उठल्या आणि तडक क्रीडा महोत्सवाच्या मंडपात जाऊन माईक हातात घेतला.

"माझी चूक झाली. मी आकडा चुकीचा वाचला. प्रेरणाची वेळ दोन सदतीस आहे. नवीन विक्रम."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तरांनी माईक घेतला. "स्वतःचा विक्रम स्वतःच्या तोंडानं मोडायला मन मोठं लागते! पोरांनो, याले म्हणतात खरेपणा." पुन्हा टाळ्या. प्रेरणा धावत येऊन पाया पडली. फॉर्म कपाटातून निघाला, सही झाली, क्लार्क तो तालुक्याला पोचवायला जळगाव जामोदच्या बसमध्ये बसलाही.

मॅडमना तिथे उभं राहवेना. त्या चूक म्हणाल्या होत्या. चोरी म्हणायला जीभ वळली नव्हती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

पाहुण्यांच्या खुर्च्यांत भगवानराव सर बसले होते. मॅडमचे खेळाचे सर, आता ऐंशीच्या पुढचे. हारातली फुलं त्यांच्या मांडीवर सांडली होती. मंडप रिकामा होत आला तशा मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं, त्यानं चार शब्द सुनवावे, एवढंच त्यांना हवं होतं.

"सर, ती चूक नोती. मी घड्याळ बरोबर वाचलं होतं. मुद्दाम खोटं बोलली मी. माह्यं नाव पुसलं जाईन म्हणून."

सर मांडीवरची फुलं बोटांनी चाळत राहिले.

"बोला ना सर. लाज वाटते मले. तुमची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायची लायकी नाही माही. तुम्ही हे घड्याळ हातात घेत होते, कधी कोणाचा एक सेकंद इकडचा तिकडं केला नाही तुम्ही."

सरांनी मांडीवरची फुलं झटकली. मग समोरच्या मैदानाकडे बोट केलं.

"हे मैदान तुह्या बाबाच्या वावरातलं आहे, माहीत आहे ना तुले? त्या साली शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यायनं सही करून देल्लं शाळेले," सर म्हणाले. "धम्मशीला दोन पस्तीसमध्ये आली होती, पोरी."