मुख्याध्यापिकेचा डबा

शाळा सुटली, तरी खेड्यातल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची सुटका नव्हती. सरकारी निधीतून शाळा किती सुधारली, हे विचारायला सर्वेक्षणवाले एक वयस्क काका समोर येऊन बसले होते.

"नव्या खोल्या, नळ, संगणक, सगळं आलं. मग काम हलकं झालं का?"

"हलकं? काका, वस्तू सरकारच्या आणि उस्तवार माझी! आज मधल्या सुट्टीत नळवाला आला, त्याच्या पाठोपाठ संगणकवाला. आमच्या ह्यांनी पहाटे उठून डबा केलाय, तो उघडलासुद्धा नाही. आता तसाच घरी नेला, की बसतील तोंड फुगवून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "आधी जेवा. त्याशिवाय पुढचा प्रश्न नाही."

"हे तुमच्या सर्वेक्षणात बसतं का?"

"नाही बसत. जेवा."

बाईंनी हसत डबा उघडला. दोन घास पोटात गेल्यावर त्यांना कळलं, आपल्याला केवढी भूक लागली होती. माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं, तसे काका बघत होते.

"चांगलं झालंय?"

"झकास! ह्यांच्या हाताला चव आहे हो. खायलाच वेळ मिळत नाही."

काकांनी रिकाम्या होत चाललेल्या डब्याकडे पाहिलं.

"आमची हीसुद्धा मुख्याध्यापिका होती. डबा मीच करायचो, आणि तो भरलेला परत यायचा. 'वेळ मिळाला नाही,' म्हणायची. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही, म्हणून माझं मन राखतेय. ती गेली, तरी आजपर्यंत तेच वाटत होतं."