नोव्हेंबरातली चेरी

"नोव्हेंबर उजाडला, आणि इथं अजून चेरीचा बहर! डोळे फुटलेत का सगळ्यांचे?"

कागेयामांच्या आवाजानं वृद्धाश्रमाची बैठकीची खोली दणाणली. चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तोकोनोमात, जपानी घरात मानाचं चित्र नि फुलं जिथं मांडायची त्या कोनाड्यात, कॅलेंडरचं पान चिकटपट्टीनं डकवलेलं होतं. एप्रिलचं, चेरीच्या बहराचं. खाली प्लास्टिकची फुलं, त्यांवर धूळ.

कागेयामांनी त्रेपन्न वर्षं मात्सुए शहरात हेच काम केलं होतं. चित्राला मागून कागद नि कडेनं रेशीम लावायचं, ते तोकोनोमात टांगण्याजोगं करायचं. ऋतू पालटला की चित्र पालटतं, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते घर मुलानं ऑगस्टमध्ये विकलं आणि त्यांना इथं आणून सोडलं.

"नात्सुमीसान, हे आत्ताच्या आत्ता काढा."

"काढलं असतं हो," परिचारिका चाचरली, "पण त्या इताकुरासान आहेत ना—"

"पण नाही नि बिण नाही! म्हातारे झालो म्हणून आमच्यापुढं काहीही टांगाल? उद्या जेवणात प्लास्टिकचा मासा वाढाल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं. पान टरकावलं आणि बोळा करून रद्दीच्या टोपलीत फेकलं. मग आपल्या ट्रंकेतलं या ऋतूला साजेसं चित्र काढून टांगलं: लव्हाळ्यावरून उडणारे हंस, भोवती गडद निळं रेशीम. त्यांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. सगळे वाहवा करू लागले. कागेयामा मात्र घुश्शातच होते. एवढी साधी गोष्ट, आणि तीही भांडून मिळवावी लागली!

दहा वाजता फुसाए इताकुरा आल्या. त्यांना फारसं काही आठवत नसे. रोज याच वेळी त्या सपाता काढून तोकोनोमासमोर बसायच्या. आज उंबऱ्यातच थबकल्या. हंसांकडे पाहिलं आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "माफ करा हं. चुकून दुसऱ्यांच्या घरात शिरले."

संध्याकाळपर्यंत त्या प्रत्येक दार वाजवत फिरल्या. "माझं घर कुठं आहे हो?"

"एप्रिलमध्ये आल्या तेव्हा ते पान तिथं होतं," नात्सुमी म्हणाली. आता ती चाचरत नव्हती. "तेवढंच घर त्यांच्या ध्यानात राहिलंय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" कागेयामा खेकसले.

"तुम्ही बोलू दिलंत?"

कागेयामांचा राग होताच, पण आता तो कुणावर काढायचा? त्यांनी रद्दीची टोपली उपसली. पान चुरगळलं होतं, एका कोपऱ्यात फाटलं होतं. त्यांनी खळ मागितली, ब्रश मागितला. कागद ओला करून सुरकुत्या काढल्या, फाटका कोपरा सांधला. कडेला लावायला रेशीम मात्र कुठून आणणार? दोन दिवस ते स्वतःशीच चरफडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हंसांचं चित्र खाली घेतलं आणि त्याचं निळं रेशीम सोडवलं.

आठवड्यानं चेरी पुन्हा तोकोनोमात चढली. कॅलेंडरचंच पान, पण रेशमात बसवलेलं. दहा वाजता फुसाए आल्या, सपाता काढल्या, बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचं लक्ष दारात उभ्या कागेयामांकडे गेलं.

"अगंबाई! पाहुण्यानं असं दारात ताटकळायचं? या, बसा. चहा घ्याल ना?"

कागेयामा आत आले आणि अवघडून बसले.

"तुम्हाला पाहिल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "कुठं राहता?"

मुलगा फोनवर बोलताना या जागेला 'तुमचं घर' म्हणाला, की कागेयामा फोन आपटायचे. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली.

"इथंच," ते म्हणाले. "तुमच्या शेजारी."