वैद्यीणबाईचा आवाज

नवा गेम बाजारात येण्याआधी खेळून त्यावर पहिलं मत लिहायचं, हा त्याचा धंदा. या गेममध्ये तलवारी होत्या, राक्षस होते आणि जखमी वीराला मलमपट्टी करणारी जंगलातली एक वैद्यीण होती. ती बोलायला लागली आणि तो जागच्या जागी थिजला. आवाज त्याच्या ताईचा होता. डबिंग करणारी त्याची ताई जाऊन वर्ष झालं होतं.

त्याने कंपनीला फोन लावला.

“जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनने बनवलाय,” तिकडचा साहेब म्हणाला. “हुबेहूब जमलाय ना?”

“मेलेल्या माणसाचा आवाज चोरता आणि वर शाबासकी मागता? लाज नाही वाटत?”

त्याने मत लिहिलं: लढाई झकास, जंगल देखणं, बनवणारे चोर. वाचकांनी कंपनीला सळो की पळो करून सोडलं. शेवटी कंपनीने माफी मागितली आणि तो आवाज गेममधून कायमचा पुसून टाकला. आईच्या कानावर यातलं काही जाऊ नये, म्हणून त्याने घरात चकार शब्द काढला नव्हता.

त्या दुपारी तो घरी आला, तर आई कंट्रोलर घट्ट धरून टीव्हीसमोर बसलेली. चेहरा रागाने लाल.

“रोज मी मुद्दाम राक्षसाचा मार खायचे रे, मग ती विचारायची, ‘फार लागलं का?’ आज तिथे दुसरीच कोणी बाई आहे. माझ्या पोरीला कुणी हाकललं तिथून?”